कंटेनरमधील कृषी वेब ॲप्लिकेशन आणि विनामूल्य टीएलएस प्रमाणपत्र : मिळविणे सोपे, टिकविणे जिकिरीचे

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेरजवळ कोटा मार्गावरील बंबाला येथे चौधरी चरणसिंह राष्ट्रीय कृषी विपणन संस्था आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ‘निआम’ या संक्षिप्त नावाने परिचित असून निरनिराळ्या राज्यांतील विपणन अधिकारी तेथे प्रशिक्षणासाठी येतात. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ घटकाखाली कृषी नवउद्योगांना मार्गदर्शन करण्यासाठी देशात ज्या पाच ज्ञान-भागीदार संस्था निवडण्यात आल्या, त्यांपैकी ही एक होय. हैदराबादची ‘मॅनेज’, नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि जोरहाटचे आसाम कृषी विद्यापीठ या उर्वरित चार. शेतमालाच्या आवकेची आगाऊ नोंदणी, प्रतवारीचे निकाल, गोदामातील साठा, सभासदांची देयके अशा कामांसाठी नवउद्योग आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आता स्वतःची वेब ॲप्लिकेशन वापरू लागल्या आहेत. २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची केंद्रीय योजना सुरू झाल्यानंतर ही गरज अधिकच वाढली.

सरकारी संकेतस्थळांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पाहण्यास स्वतंत्र यंत्रणा असते. उत्पादक कंपनीच्या लहानशा ॲप्लिकेशनला असा पालक नसतो. ते दरमहा भाड्याने घेतलेल्या एखाद्या सर्व्हरवर चालते आणि त्याची देखभाल एखादा तरुण तंत्रज्ञ आपल्या इतर कामांतून वेळ काढून करतो. उदाहरणादाखल जयपूर जिल्ह्यातील चौमू परिसरातील भाजीपाला उत्पादकांची एक कंपनी डोळ्यांसमोर आणावी. सभासद आदल्या रात्री मोबाईलवरून दुसऱ्या दिवशीच्या मालाची नोंद करतात. त्या नोंदीवरून गाड्या ठरतात. नोंदणी करताना बँक खाते, मोबाईल क्रमांक आणि जमाबंदीचा तपशील द्यावा लागतो; महाराष्ट्रात जो मान सातबाऱ्याला, तोच राजस्थानात जमाबंदीला. एका रात्री ॲप्लिकेशन उघडताच पडद्यावर भलामोठा इशारा येतो : ‘आपले कनेक्शन खाजगी नाही.’ माल तोडून तयार आहे, नोंद होत नाही. कंपनीकडून फोनवर सांगण्यात येते, “खाली ‘प्रगत’ असे लिहिले आहे, ते दाबा आणि पुढे जा.”

त्या रात्रीचे नुकसान भाजीपुरते असते. मात्र ‘इशारा आला तरी पुढे जा’ ही शिकवण शेतकऱ्याच्या मनात कायमची बसते, आणि उद्या खरोखरच कोणी त्याच्या बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग घेऊन मध्ये उभा राहिला, तर हीच सवय त्याचे खाते रिकामे करते. ज्या कारणाने हा इशारा येतो, ते कारण बहुतेक वेळा हल्ला नसून मुदत संपलेले प्रमाणपत्र असते, आणि ते टाळणे पूर्णपणे कंपनीच्या हाती असते.

टीएलएस नेमके काय करते

शेतकऱ्याचा फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये अनेक हात असतात : गावातील मनोरा, सेवापुरवठादाराची उपकरणे, एखाद्या चहाच्या दुकानातील वाय-फाय. साध्या एचटीटीपी पद्धतीने पाठविलेली माहिती या प्रत्येक टप्प्यावर पोस्टकार्डासारखी उघडी असते. कोणीही ती वाचू शकतो आणि वाटेत बदलूही शकतो. वाचण्याची चर्चा नेहमी होते, बदलण्याची होत नाही. प्रत्यक्षात टोमॅटोच्या भावातील एक आकडा वाटेत बदलला गेला, तर नुकसान तत्काळ होते. टीएलएस ही माहिती कूटबद्ध करते, तिच्यात फेरफार झाला तर तो उघड करते आणि समोरचा सर्व्हर खरोखर त्या नावाचाच आहे याची खातरजमा करते. यातील तिसऱ्या कामासाठी प्रमाणपत्र लागते.

हे झाले सुरक्षिततेचे. याखेरीज एक निकडीचे व्यावहारिक कारण आहे. पिकाच्या छायाचित्रासोबत स्थानाची नोंद घेणे, ॲप्लिकेशनमधून थेट कॅमेरा उघडणे, नेटवर्क नसताना भरलेला अर्ज साठवून नंतर पाठविणे या सुविधा ब्राउझर केवळ सुरक्षित जोडणीवरच देतात. क्रोम ब्राउझरने स्थाननोंदीची सुविधा असुरक्षित पानांसाठी २०१६ मध्येच बंद केली आणि जुलै २०१८ पासून सर्व एचटीटीपी पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखविण्यास प्रारंभ केला. बांधावर उभे राहून सर्वेक्षण करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याला ‘स्थान मिळत नाही’ ही जी अडचण येते, तिचे मूळ कित्येकदा फोनच्या जीपीएसमध्ये नसून प्रमाणपत्राच्या अभावात असते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सभासदांची खाती सांभाळणाऱ्या संस्थेने हा आकडा केवळ मोठ्या उद्योगांसाठी आहे असे समजू नये.

विनामूल्य म्हणजे दुय्यम नव्हे

काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. कागदपत्रे, शुल्क, वार्षिक नूतनीकरण या साऱ्यांमुळे लहान संस्था त्या वाटेला जात नसत. हे चित्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या प्रमाणन संस्थेने बदलले. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या अमेरिकेतील ना-नफा संस्थेतर्फे ती चालविली जाते. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठ यांच्याशी संबंधित तज्ज्ञ या उपक्रमाच्या मुळाशी होते. पहिले प्रमाणपत्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी देण्यात आले; त्याच वर्षी ३ डिसेंबरला ही सेवा सर्वांसाठी खुली झाली. प्रमाणपत्र मागण्या-देण्याची यंत्रांची ठरावीक बोली ‘अक्मे’ या नावाने मार्च २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळे आज झीरोएसएसएल, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशा अन्य संस्थाही त्याच पद्धतीने विनामूल्य प्रमाणपत्रे देतात.

फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी शेतकरी साशंक असतो, आणि बियाण्याच्या बाबतीत ते योग्यच आहे. प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र किमतीचा कूटबद्धतेच्या बळाशी संबंध नाही. ब्राउझर विश्वास ठेवतो तो प्रमाणन संस्थेवर, आणि तो विश्वास तिच्या कार्यपद्धतीच्या तपासणीतून येतो. प्रतिष्ठेने हा प्रश्न सुटत नाही, याचा धडा भारतात २०१४ साली मिळाला. त्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले आणि प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी संबंधित मध्यवर्ती प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. अशा घटनांनंतर प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहीत करण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या संस्थेच्या नावाने कोणी भलतेच प्रमाणपत्र घेतले आहे काय, हे आता कोणालाही त्या वहीत शोधता येते. याच कारणाने चाचणीसाठीच्या अंतर्गत नावांतून गोपनीय माहिती उघड होणार नाही याची काळजी घ्यावी. नाव प्रमाणपत्रात गेले की जगजाहीर झाले.

देवनागरीतील नावांनाही ही सोय उपलब्ध आहे. ‘डॉट भारत’ या विस्ताराची नावे २०१४ पासून मिळू लागली आणि लेट्स एन्क्रिप्टने अशा बहुभाषिक नावांना २०१६ पासून प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली.

बांधावरची खूण

प्रमाणन संस्था दूर देशात. तिला चौमूची कंपनी ठाऊक असण्याचे कारण नाही. ती केवळ एकच गोष्ट तपासते : ज्या डोमेन नावासाठी प्रमाणपत्र मागितले आहे, ते नाव मागणाऱ्याच्या ताब्यात आहे का? एखाद्या गटावर खरोखर कोणाचा कब्जा आहे हे पाहण्यासाठी अधिकाऱ्याने म्हणावे, ‘उद्या सकाळी तुझ्या बांधावर मी सांगतो ती खूण लावून ठेव, मी येऊन पाहतो,’ तसाच हा प्रकार. सर्व्हरवरील अक्मे प्रोग्राम मागणी नोंदवितो. संस्था एक यादृच्छिक अक्षरमाला देते. प्रोग्राम ती अक्षरमाला संकेतस्थळाच्या ठरावीक पत्त्यावर ठेवतो. संस्था निरनिराळ्या ठिकाणांहून त्या पत्त्याला भेट देऊन खूण पाहते आणि प्रमाणपत्र देते. सर्व काही मिनिटभरात आणि मनुष्याच्या हस्तक्षेपाविना घडते. या साऱ्यात खासगी किल्ली सर्व्हरबाहेर जात नाही. संस्थेकडे जाते ती केवळ सार्वजनिक किल्ली. ‘किल्ली आमच्याकडे पाठवा, आम्ही प्रमाणपत्र काढून देतो’ असे कोणी म्हणत असल्यास त्यास नकार द्यावा.

ही भेट पोर्ट ८० वर, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारावर होते. येथे एक नेहमीची चूक आढळते. प्रमाणपत्र मिळाले, आता साधे दार कशाला उघडे ठेवायचे, असा विचार करून तंत्रज्ञ फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद करतो. पहिले काही आठवडे काहीच बिघडत नाही. नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा खूण पाहण्यास आलेला अधिकारी बंद दारावरून परत जातो. पोर्ट ८० उघडे ठेवावे आणि तेथे आलेल्या प्रत्येक अभ्यागताला सुरक्षित दाराकडे वळवावे, हीच योग्य रीत.

खूण ठेवण्याची दुसरी पद्धत डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये नोंद करण्याची आहे. सर्व्हर संस्थेच्या आवारातच असून बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नसेल, किंवा एकाच प्रमाणपत्रात सर्व उपनावे सामावून घ्यावयाची असतील, तर हीच पद्धत वापरावी लागते. त्यासाठी डीएनएस बदलण्याचा अधिकार देणारी गुप्त चावी सर्व्हरवर ठेवावी लागत असल्याने लहान संस्थेने गरज नसताना या मार्गास जाऊ नये.

द्राक्षांचा कंटेनर आणि त्याची कागदपत्रे

आता मुख्य अडचणीकडे वळता येईल. नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये भरलेला द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवा बंदरातून थेट रॉटरडॅमला जाऊन उघडतो. वाटेत ट्रक बदलला, जहाज बदलले, तरी आतील तापमान आणि मांडणी बदलत नाही. सॉफ्टवेअरचा कंटेनर याच कल्पनेवर बेतलेला आहे. २०१३ मध्ये प्रकाशात आलेल्या डॉकर या साधनामुळे ॲप्लिकेशन आणि त्यास लागणारी सर्व सामग्री एका साच्यात, म्हणजे इमेजमध्ये, बांधता येते आणि त्या साच्यातून कोणत्याही सर्व्हरवर हवे तितके कंटेनर उभे करता येतात. सुधारणा करावयाची झाल्यास चालू कंटेनरची दुरुस्ती करीत बसत नाहीत. तो मोडतात आणि नव्या इमेजमधून दुसरा उभा करतात. कंटेनर हा मुळातच टाकून देण्याजोगा असतो आणि तेच त्याचे बळ आहे.

प्रमाणपत्राची प्रकृती नेमकी याच्या उलट असते. ते आणि त्याची खासगी किल्ली जपून ठेवावी लागते. द्राक्षांचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र निर्यातदार पेट्यांच्या ढिगात टाकून देत नाही. ते कागदपत्रांच्या संचात स्वतंत्र ठेवतो. कंटेनरमधील ॲप्लिकेशनच्या बाबतीत मात्र पुष्कळ जण प्रमाणपत्र पेट्यांसोबत आतच ठेवतात. कंटेनर मोडला की प्रमाणपत्रही गेले. नवा कंटेनर उभा राहताच नवे प्रमाणपत्र मागतो, ते मिळते, आणि सर्व सुरळीत आहे असे वाटत राहते.

हे वाटणे फार काळ टिकत नाही. लेट्स एन्क्रिप्ट नेमक्या त्याच नावांसाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रे देते. हंगामाच्या तोंडावर ॲप्लिकेशनमध्ये घाईने बदल चालू असतात. एका दुपारी कंटेनर सहा वेळा मोडून उभा केला जातो आणि सहाव्या वेळी मागणी नाकारली जाते. जुनी पाच प्रमाणपत्रे वैध असूनही त्यांच्या किल्ल्या मोडलेल्या कंटेनरांबरोबर नष्ट झालेल्या असतात. ती प्रमाणपत्रे रद्द करूनही मर्यादा मोकळी होत नाही. चौमूच्या कंपनीला त्या रात्री आलेला इशारा असाही येऊ शकतो.

यावरील उपाय सोपा आहे. डॉकरमध्ये कंटेनरच्या बाहेर, सर्व्हरच्या डिस्कवर टिकून राहणारी साठवण करता येते. तिला व्हॉल्यूम म्हणतात. प्रमाणपत्रे, खासगी किल्ल्या आणि अक्मे खात्याची माहिती अशा व्हॉल्यूममध्ये ठेवून तो कंटेनरला जोडावा. कंटेनर कितीही वेळा बदलला तरी संच तोच राहतो. या व्हॉल्यूमची प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवावी व वाचनाचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा. चाचण्या करताना लेट्स एन्क्रिप्टची स्वतंत्र चाचणी सेवा वापरावी. तिची प्रमाणपत्रे ब्राउझर मानत नाहीत, पण मर्यादा सैल असल्याने सर्व मांडणी निर्धास्तपणे पारखून घेता येते.

किल्ली इमेजमध्येच बांधून टाकण्याचा शहाणपणा काही जण करतात. म्हणजे व्हॉल्यूमची कटकट नको. ती इमेज पुढे सार्वजनिक भांडारात ठेवली गेली की वाड्याच्या कुलपाची किल्ली चावडीवर टांगल्यासारखे होते. नंतरच्या थरात फाइल पुसून टाकली तरी इमेजच्या आधीच्या थरात ती शिल्लकच राहते.

देवडीवरचा पहारा

लहान ॲप्लिकेशनमध्येही साधारणतः तीन कंटेनर असतात : प्रत्यक्ष ॲप्लिकेशन, माहितीसाठा म्हणजे डेटाबेस, आणि बाहेरच्या जगाला सामोरा जाणारा तिसरा. या तिसऱ्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. जुन्या वाड्याला देवडी असे, जयपूरच्या हवेल्यांना ड्योढी. येणारा प्रत्येक जण तेथे थांबे, ओळख पटे आणि मगच आत जाई. प्रमाणपत्र याच देवडीवर ठेवावे. कूटबद्ध माहिती तेथे उलगडते आणि आतल्या खासगी जाळ्यातून ॲप्लिकेशनकडे जाते. ॲप्लिकेशनला प्रमाणपत्राची दखलही घ्यावी लागत नाही. मात्र अभ्यागत मुळात सुरक्षित दारातून आला होता हे प्रॉक्सीने आत कळविले पाहिजे. अन्यथा ॲप्लिकेशन त्याला पुन्हा सुरक्षित दाराकडे पाठविते, प्रॉक्सी पुन्हा आत पाठविते आणि पान कधीच उघडत नाही.

देवडी बांधली, पण मागचे परसदार सताड उघडे राहिले, असा प्रकार डॉकरमध्ये सहज घडतो. डेटाबेसच्या कंटेनरचे पोर्ट ‘प्रकाशित’ केले, की डॉकर सर्व्हरच्या जाळ्याचे नियम स्वतः लिहितो. उबुंटूवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या यूएफडब्ल्यू या साध्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद दाखविले असले, तरी डॉकरचे नियम त्यास वळसा घालतात. तंत्रज्ञ निश्चिंत असतो आणि सभासदांच्या खात्यांचा तक्ता साऱ्या जगाला खुला असतो. डेटाबेसचे पोर्ट मुळी प्रकाशितच करू नये. कंटेनरांच्या अंतर्गत जाळ्यातून ॲप्लिकेशन त्याच्यापर्यंत पोहोचते. टीएलएसचे उत्तम प्रमाणपत्र लावूनही ही एक चूक सारे व्यर्थ करते, म्हणून कोणत्याही तपासणीत पहिला प्रश्न हाच विचारावा.

प्रॉक्सीसाठी एनजिनएक्स आणि प्रमाणपत्रासाठी सर्टबॉट ही जुनी, सर्वत्र आढळणारी जोडी होय. ती चांगली चालते, पण दोन निराळे कंटेनर असल्याने त्यांच्यातील समन्वय आपणच बसवावा लागतो. कॅडी हा प्रॉक्सी प्रमाणपत्र मागणे, नूतनीकरण करणे आणि वापरात आणणे ही सर्व कामे स्वतःच करतो. त्याच्या माहितीच्या फोल्डरला व्हॉल्यूम जोडणे तेवढे विसरू नये. पूर्णवेळ तंत्रज्ञ नसलेल्या उत्पादक कंपनीने नव्याने उभारणी करताना कॅडीसारखा पर्याय निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्यांची एनजिनएक्सची मांडणी आधीच बसलेली आहे, त्यांनी ती मोडण्याचे कारण नाही.

नूतनीकरण : कॅलेंडरवर सोडू नये असे काम

लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र आजवर ९० दिवसांचे राहिले आहे. मुदत इतकी अल्प ठेवण्याचा हेतू असा, की किल्ली चोरीस गेली तरी नुकसानीला मर्यादा राहावी आणि नूतनीकरण माणसाच्या स्मरणावर न सोडता यंत्रावर सोपवावे. पुढे ही मुदत आणखी घटणार आहे. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या निर्णयानुसार कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरली आहे. लेट्स एन्क्रिप्टने आपली मुदत २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर आणण्याचे जाहीर केले आहे. पैसे मोजून वर्षाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि वर्षभर विसरून जावे, ही सोय त्यामुळे विकत घेणाऱ्यांनाही राहणार नाही.

साधारणतः एक-तृतीयांश मुदत शिल्लक असता नूतनीकरण व्हावे आणि त्यासाठीची तपासणी दिवसातून दोनदा आपोआप चालावी. मुदत शिल्लक असेल तर प्रोग्राम काही न करता परततो, म्हणून वारंवार तपासण्यात तोटा नाही. शिल्लक राहिलेले दिवस हे पेरणीपूर्वी हाती ठेवलेल्या जादा बियाण्यासारखे असतात : एखादी खेप फसली तरी दुबार पेरणीला वाव असतो.

एनजिनएक्स आणि सर्टबॉट वापरणाऱ्यांची येथे एक विलक्षण फसगत होते. सर्टबॉट वेळेवर नवे प्रमाणपत्र आणून व्हॉल्यूममध्ये ठेवतो. नोंदी पाहिल्या तर सर्व यशस्वी. तरीही ठरलेल्या दिवशी ब्राउझर मुदत संपल्याचा इशारा देतो. कारण एनजिनएक्स सुरू होताना प्रमाणपत्र वाचून स्मृतीत ठेवतो आणि कोणी सांगेपर्यंत पुन्हा फाइलकडे पाहत नाही. नवे प्रमाणपत्र कपाटात, जुनेच दारावर. नूतनीकरणानंतर प्रॉक्सीला मांडणी पुन्हा वाचण्याची आज्ञा आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. त्यासाठी प्रॉक्सी बंद करून सुरू करण्याची आवश्यकता नाही. चालू नोंदणीत खंड न पडता हे घडते.

म्हणूनच देखरेख फाइलवर नव्हे, दारावर ठेवावी. बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून संकेतस्थळ रोज उघडून त्याने प्रत्यक्ष दाखविलेल्या प्रमाणपत्राची मुदत तपासावी आणि ती ठरावीक दिवसांहून कमी भरल्यास दोन व्यक्तींना संदेश जावा. पूर्वी मुदत संपत आल्याची सूचना लेट्स एन्क्रिप्टकडून ई-मेलने येत असे. ४ जून २०२५ पासून ती सेवा बंद झाली आहे. त्या ई-मेलवर विसंबून असलेल्या संस्थांनी पर्यायी व्यवस्था केली आहे किंवा नाही, हे एकदा अवश्य पाहावे.

ब्राउझरला ‘या नावासाठी कधीही असुरक्षित जोडणी स्वीकारू नकोस’ असे बजावणारी एचएसटीएस नावाची सूचना देता येते. ती उपयुक्त आहे, परंतु ती लागू असताना प्रमाणपत्राची मुदत संपली तर ‘पुढे जा’ हा पर्यायच नाहीसा होतो. आधी काही मिनिटांच्या कालावधीने सुरुवात करावी, दोन-तीन नूतनीकरणे निर्विघ्न पार पडलेली पाहावीत आणि मगच कालावधी वाढवावा.

जुने फोन, चुकलेली घड्याळे

सर्व्हरची बाजू निर्दोष असूनही एखाद्याच सभासदाला इशारा येतो, तेव्हा विस्तार कार्यकर्त्याने प्रथम त्याच्या फोनमधील तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर काही जुन्या फोनची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रमाणपत्रावर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ असे लिहिलेले असते. फोनच्या मते आजचा दिवस त्या आधीचा असल्याने प्रमाणपत्र अद्याप लागूच झालेले नसते. तारीख व वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याची सोय चालू केली की अडचण संपते. जयपूरच्या जंतर-मंतरातील सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगते, आणि ज्या सवाई जयसिंहाने ते उभारले, त्याचे गुरू पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले. टीएलएसला इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा नाही; दिवस बरोबर असला तरी बहुधा पुरते.

दुसरे कारण फोनच्या वयाचे. ब्राउझर वा फोन ज्या मूळ प्रमाणन संस्थांना ओळखतो, त्यांची यादी त्यात आधीच भरलेली असते. लेट्स एन्क्रिप्टची स्वतःची मूळ ओळख अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या फोनमध्ये आहे. त्याहून जुन्या फोनसाठी दुसऱ्या एका संस्थेच्या स्वाक्षरीचा आधार घेण्यात आला होता. तो ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपला. घरातील नवा फोन मुलाकडे आणि जुना वडिलांकडे, ही रीत ग्रामीण भागात सर्वत्र दिसते. अशा फोनवर फायरफॉक्स ब्राउझर वापरल्यास मार्ग निघू शकतो, कारण तो मूळ संस्थांची यादी स्वतःसोबत बाळगतो. तेही शक्य नसेल तर त्या सभासदाची नोंद कार्यकर्त्याने आपल्या फोनवरून करावी. ‘पुढे जा’ दाबण्यास सांगू नये. जुन्या फोनच्या सोयीसाठी सर्व्हरवर टीएलएस १.० किंवा १.१ या कालबाह्य आवृत्त्या चालू ठेवण्याचा मोहही टाळावा. १.२ आणि १.३ एवढ्या पुरेशा आहेत. अँड्रॉइड ५ पासूनचे फोन १.२ जाणतात.

कुलूप दिसले म्हणून

प्रशिक्षण वर्गांतून आजही शिकविले जाते की पत्त्याजवळ कुलपाचे चिन्ह दिसले तर संकेतस्थळ विश्वासार्ह समजावे. हे विधान कधीच पूर्ण खरे नव्हते, आता तर ते घातक आहे. प्रमाणपत्र सांगते ते इतकेच, की आपण पत्त्यात लिहिलेल्या नावाशीच बोलत आहोत आणि मध्ये कोणी ऐकत नाही. ते नाव प्रामाणिक माणसाचे आहे की भामट्याचे, हे ते सांगत नाही. प्रमाणपत्र विनामूल्य व तत्काळ मिळत असल्याने अनुदानाचे आमिष दाखविणारी बनावट संकेतस्थळेही ते घेतातच. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून टाकले, ते या गैरसमजामुळेच. शेतकऱ्याला शिकवावे ते पत्त्यातील नाव अक्षरशः वाचण्यास, आणि संदेशातून आलेल्या दुव्याऐवजी कंपनीच्या पावतीवर छापलेला पत्ता वापरण्यास.

म्हणूनच ते नाव कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतो. अनेक उत्पादक कंपन्यांच्या डोमेन नावाची नोंदणी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या व्यावसायिकाच्या वैयक्तिक खात्यावर आणि त्याच्याच ई-मेलवर असते. तो काम सोडून गेला, नोंदणीचे वार्षिक शुल्क थकले, की नाव मोकळे होते आणि ते घेणाऱ्या पहिल्या माणसाला बांधावरची खूण लावून त्याच नावाचे पूर्ण वैध प्रमाणपत्र मिळते. सभासदांच्या फोनवर कोणताही इशारा येत नाही. संचालक मंडळाच्या पुढील सभेत डोमेन नोंदणीचे खाते कंपनीच्या नावे वर्ग करण्याचा ठराव घ्यावा, शुल्काची तारीख इतिवृत्तात लिहावी आणि खात्याचा पासवर्ड मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याखेरीज आणखी एका पदाधिकाऱ्याकडे मोहोरबंद पाकिटात ठेवावा.